थॉर्नमिअरचं कुंड

१

राजाचा मोजणीदार मास्टर ब्लाइथ दुपारी येणार होता. तो उजाडतानाच आला, आणि घोड्यावरून न उतरताच त्याने मठाच्या चर्चचं दार चाबकाच्या मुठीने ठोकलं. बराच वेळ कुणी उघडेना. मग आतून किल्ली फिरली आणि ब्रदर लॅम्बर्ट दारात उभा राहिला. तोंड पांढरंफटक, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

त्याच्या मागे, उत्तरेकडच्या खांबाशी, गावचा पाथरवट हॅमंड पेक मरून पडला होता.

"हे काय?" ब्लाइथने विचारलं.

लॅम्बर्टने बाह्या खाली ओढल्या.

"चर्चची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"दुसरी किल्ली?"

"दुसरी नाही."

"मग आत तुझ्याखेरीज कोण आलं होतं?"

लॅम्बर्टने खाली फरशीकडे पाहिलं. "मी काही सांगणार नाही, मास्टर. काय करायचं ते करा."

ब्लाइथला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. मागच्या आठवड्यात तो छतावरचं शिसं पाहायला आला होता, तेव्हा मठाच्या अंगणात याच दोघांची जुंपलेली त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. "ज्या देवाच्या घरात तुझी आई पुरलीय त्यालाच पहार लावतोस?" लॅम्बर्ट सगळ्यांदेखत ओरडला होता. "पहिला दगड काढशील, त्या दिवशी तुझं मढं पडेल!"

थॉर्नमिअरचा मठ त्या हिवाळ्यात मोडला होता. राजाने देशातले सगळेच मठ मोडायला काढले होते. मठवाशांनी ताबा सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या, काळे झगे उतरवले आणि जो तो आपल्या वाटेने गेला. मागे दोघेच राहिले. चर्चची किल्ली सांभाळणारा लॅम्बर्ट आणि मठाचा वैद्य पिअर्स. दोघांनाही जायला घर नव्हतं. आता शिसं उतरवायचं, घंटा वितळवायच्या, भिंती पाडून दगड विकायचे, एवढंच उरलं होतं. आणि त्या पाडकामाचा ठेका हॅमंडने घेतला होता.

"ह्याला देवडीत कोंडा," ब्लाइथ म्हणाला. "प्रेत दवाखान्यात न्या, वैद्याला दाखवा." मग त्याने चर्चभर एकदा नजर फिरवली आणि कारकुनाला सांगितलं, "लिही. पुढचा मंडप गावाचा आहे, त्याला हात लावायचा नाही. वेदीकडचं सगळं पाडायचं."

२

ब्रदर पिअर्सने हॅमंडचा सदरा कापून काढला आणि तो तसाच उभा राहिला.

"हातोडा घातला असणार डोक्यात," ब्लाइथ दारातून म्हणाला. त्याला सर्दी झाली होती आणि तो सारखा नाक पुसत होता.

"डोक्याला खरचटलंसुद्धा नाही, मास्टर. हे बघा." पिअर्सने छातीवर हलकेच बोटं टेकवली. एका बाजूच्या सगळ्या बरगड्या एका रेषेत आत गेल्या होत्या. "हातोड्याचा घाव एका जागी बसतो. हा माणूस चेपला गेलाय. भरल्या गाड्याखाली सापडावा तसा."

"चर्चमध्ये गाडा?"

"तेच मला कळत नाही."

पिअर्सने मेलेल्याचा हात उलटा केला. तळव्याची कातडी सोलली गेली होती, दोर हातातून सर्रकन निसटतो तेव्हा सोलते तशी. मग तो चेहऱ्यावर वाकला. डोळे कुणीतरी मिटलेले होते. कपाळावर काहीतरी चमकत होतं. त्याने बोट लावून वास घेतला.

जैतुनाचं तेल. मरणाऱ्या माणसाच्या कपाळाला पाद्री प्रार्थना म्हणत लावतो ते.

"मास्टर, तेल लावलं तेव्हा हा जिवंत होता. मढ्याला तेल लावत नाहीत. म्हणजे हा चेपला गेल्यावर लॅम्बर्ट ह्याच्याजवळ बसला होता, ह्याचा हात धरून प्रार्थना म्हणत होता. जीव घेणारा माणूस असं करील?"

"पस्तावला असेल."

"मग पस्तावा कबूल का करत नाही?"

"हे बघ, ब्रदर," ब्लाइथ थकलेल्या आवाजात म्हणाला, "मला या थंडीत अजून कितीतरी मठ मोजायचेत. बंद दार, एक किल्ली, आणि मढं पाडीन म्हणून ओरडणारा माणूस. परवा मी निघेन आणि त्याला किल्ल्यावर पोचवीन. तिथे असल्या माणसाला फासावर चढवायला वेळ लावत नाहीत. तोवर तुला दुसरं काही सापडलं तर सांग, मी ऐकून घेईन."

तो गेला. पिअर्सने प्रेतावर चादर ओढली. दारात चाहूल लागली म्हणून त्याने वळून पाहिलं, तर गावातली एक बाई मातीचं भांडं घेऊन उभी होती.

"ब्रदर, हंसाच्या चरबीचं मलम आहे का हो? आमच्या ह्यांचे हात सोललेत."

ती जाते न जाते तोच दुसरी आली. तिलाही मलमच हवं होतं. मग तिसरी.

३

गिल्बर्ट फ्रॉस्ट हा गावच्या चर्चचा पंच, रुंद खांद्यांचा मेंढपाळ. पिअर्सला पाहिल्याबरोबर त्याने दोन्ही हात कोटात घातले.

"गिल्बर्ट, हात दाखव."

"हाताचं काय बघायचं? हात आहेत."

"दाखव म्हणतो ना."

तळवे लालभडक होते. "कशाने झालं?"

"पडलेलं झाड ओढलं. ओढ्यापाशी."

शेजारी त्याचा भाऊ कुंपण विणत बसला होता. त्याच्याही तळव्यांना फडकी होती. पिअर्सने त्याला विचारलं, "तुझं कशाने?"

"होडी ओढली ना," तो चटकन म्हणाला, मग भावाच्या तोंडाकडे बघून अडखळला. "म्हणजे... झाड. होडीला अडकलेलं झाड."

"झाडाला होडी अडकली की होडीला झाड?"

"अहो, अंधार होता, ब्रदर! दिसतंय कुणाला!"

"तू गप बस रे," गिल्बर्ट खेकसला. मग पिअर्सकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही चांगले आहात. माझ्या लेकीला तापातून तुम्हीच उठवलंत. म्हणून पाया पडून सांगतो, यात खोल जाऊ नका."

"लॅम्बर्ट फासावर जाईल, गिल्बर्ट."

गिल्बर्टने हात पुन्हा कोटात घातले. तो उठून मेंढवाड्यात गेला आणि आतून कडी लावून घेतली.

पिअर्स तडक चर्चकडे निघाला. मठ मोडल्यापासून त्याला चर्चमध्ये पाऊल टाकवलं नव्हतं. ओकीबोकी वेदी त्याला बघायची नव्हती. पण हॅमंड जिथे पडला ती जागा पाहणं भाग होतं. ब्लाइथच्या माणसाने दार उघडून दिलं. पिअर्स आत शिरला, खांबांच्या रांगेकडे वळला आणि जागच्या जागी थिजला.

उत्तरेच्या खांबाजवळ, फरशीवर, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड उभं होतं.

या चर्चमध्ये कुंड कधीच नव्हतं.

४

ते कुंड त्याला चांगलं ओळखीचं होतं. शेतापलीकडे संत बोटॉल्फचं चिमुकलं चर्च होतं, अर्धं छप्पर गेलेलं. गावाची पोरं तिथेच बाप्तिस्मा घेत. काठावर कोरलेल्या माशांची वेल, एका माशाचं तोंड फुटलेलं. पिअर्स गुडघ्यांवर बसला. कुंडाच्या बुडाशी ओलं, हिरवंगार शेवाळ होतं. वर्षानुवर्षं पाऊस अंगावर घेतलेल्या दगडावर धरतं तसं. या मंडपावर तर शिशाचं धड छप्पर होतं. इथे शेवाळाचा ठिपकाही नव्हता.

तो तसाच देवडीकडे गेला. लोखंडी गजांपलीकडे लॅम्बर्ट गवताच्या पेंढीवर बसला होता.

"कुंड बघितलं मी," पिअर्स म्हणाला.

लॅम्बर्टने डोळे मिटून घेतले. "मला वाटलंच होतं."

"जिथे गावाचं कुंड, ते चर्च गावाचं. राजाचा हुकूमच आहे तसा, की गावाच्या चर्चला हात लावायचा नाही. ब्लाइथ मागच्या खेपेला नुसता छतावर चढून गेला होता, आत आला नव्हता. म्हणून तुम्ही रातोरात ते ओढून आणलंत. सगळा गाव दोराला होता. बरोबर?"

"हळू बोल."

"आणि शेवटी, खाली बसवताना, दोर निसटला."

लॅम्बर्टने पेंढीतली एक काडी मोडली. "हॅमंड खाली ओंडका सारत होता. कुंड कललं. आम्ही सगळ्यांनी ओढून धरलं रे, पण दोर हातातून कातडी घेऊन गेला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो बोलत होता. म्हणाला, 'सरळ बसलंय का बघा.' तेवढंच म्हणाला."

"पण हॅमंड तर मठ पाडणार होता!"

"ठेका त्याने मुद्दाम घेतला. मंडप आणि वेदी यांच्यामध्ये भिंत त्यालाच घालायची होती, मंडपाला धक्का न लावता. ही सगळी कल्पनाच त्याची."

"आणि ते भांडण?"

लॅम्बर्ट खिन्नपणे हसला. "नाटक. आम्हा दोघांचं संगनमत असेल असं ब्लाइथच्या मनातही येऊ नये म्हणून. ती मढ्याची ओळ माझी. हॅमंड म्हणाला होता, जरा जोरात होतंय."

पिअर्सने गज घट्ट धरले. "ब्लाइथ दुपारी यायचा होता. तो लवकर आला."

"हो. उजाडायच्या आत हॅमंडला घरी न्यायचं ठरलं होतं, छातीवर लाकूड पडलं म्हणून सांगायचं. घोड्यांच्या टापा ऐकल्या आणि मी सगळ्यांना बागेच्या दाराने पिटाळलं, दार आतून लावून घेतलं. एकजण सापडणं भागच होतं. मला बायकोपोरं नाहीत."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला खोटं बोलता येत नाही, पिअर्स. लहानपणापासून नाही येत. तुझे कान लाल होतात."

"मग ऐक. मी ब्लाइथला खरं सांगणार आहे."

लॅम्बर्ट उठून गजांपाशी आला. "मंडप पाडतील रे."

"पाडू देत. दगडच आहेत."

"दगड नाहीत," लॅम्बर्ट म्हणाला. "तुला ठाऊक आहे दगड नाहीत ते."

५

हॅमंडची बायको सिसली चुलीपुढे वाटाण्याचं कालवण ढवळत होती. तिचे दिवस भरत आले होते. पिअर्सने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिच्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट, तिचाच पहिला हक्क, असं त्याला वाटलं.

"शेवाळ?" तिने विचारलं.

"हो, बुडाशी. तोच खरा पुरावा. शिवाय बोटॉल्फमध्ये कुंडाची गोल खूण असणारच फरशीवर. आणि हॅमंडच्या बरगड्या. ब्लाइथ काही दुष्ट नाही, डोळ्यांनी पाहिलं की मानेल."

"आणि मग मंडप पाडतील."

"सिसली, एक माणूस जिवंत आहे. तुझा नवरा असता तर तोही हेच..."

"माझा नवरा काय म्हणाला असता ते मला नका सांगू, ब्रदर." ती रागावली नव्हती. तिने कालवणाचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. "जेवा. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या."

"तू ब्लाइथसमोर खरं बोलशील?"

"आज पुरायचंय त्याला. मंडपात, त्याच्या आईजवळ. ते एकदा होऊ दे."

पिअर्सला तो होकार वाटला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर ब्लाइथ पिअर्सच्या मागोमाग मंडपात आला. पाठोपाठ सगळा गाव आला. कुणी बोलावलं नव्हतं तरी.

पिअर्सने पहिल्यापासून सांगितलं. भांडणाचं नाटक, दोर, ओंडका, तेल. ब्लाइथने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"आणि पुरावा हा," पिअर्स म्हणाला आणि कुंडापाशी गुडघ्यांवर बसला.

शेवाळ नव्हतं. कुंड वाळूने आणि शिरक्याने घासून लखलखीत केलं होतं. काठावरचे मासे नुकतेच कोरल्यासारखे दिसत होते. दगडाला अजून शिरक्याचा वास होता.

तो वळला. बायका आपापले हात शालीखाली घेऊन उभ्या होत्या.

"बोटॉल्फ," तो म्हणाला, "तिथे खूण आहे. चला, दाखवतो."

"बोटॉल्फचं उरलंसुरलं छप्पर काल वाऱ्याने बसलं," गिल्बर्ट म्हणाला. "आत आता नुसता ढीग आहे. आधीही शेरडंच बांधायचो आम्ही तिथे."

"काल वारा नव्हता!"

"इथे खाली नसेल, ब्रदर. वर असतो."

"त्यांचे तळवे बघा, मास्टर!"

ब्लाइथने पुढच्या माणसाचा हात हातात घेऊन पाहिला. मलम आणि मातीखाली सोललेलं आणि जुने घट्टे वेगळे ओळखू येत नव्हते. "शेतकऱ्याचे हात," ब्लाइथ म्हणाला. "बरगड्या तू मला दाखवल्या होत्यास, मान्य. पण बरगड्या काय चुरडतं ते बरगड्या सांगत नाहीत. अंगावर पाय देऊन उभं राहिलं तरी मोडतात." त्याने गिल्बर्टला विचारलं, "हे कुंड इथे कधीपासून?"

"पहिल्यापासून, मास्टर. माझा बाप्तिस्मा इथलाच."

एकेक जण तेच म्हणत गेला. शेवटी ब्लाइथ सिसलीपुढे थांबला. त्याने टोपी काढली.

"बाई, मेला तो तुमचा नवरा आहे. तुम्ही सांगाल ते मी धरीन. हा वैद्य म्हणतो ते खरं का?"

सिसलीच्या पायाखाली ताजी बसवलेली फरशी होती. तिने पिअर्सकडे पाहिलं, अगदी सरळ.

"ब्रदर पिअर्सना मित्राची माया आहे," ती म्हणाली. "कुंड इथलंच आहे. माझा बाप्तिस्मा त्यातच झाला."

"सिसली!" पिअर्स ओरडला. "तो निर्दोष आहे! तुम्हाला सगळ्यांना माहितेय!"

कुणी मान खाली घातली नाही, कुणी हललं नाही. म्हातारी माणसं रडत होती.

पिअर्स धावत देवडीकडे गेला आणि लॅम्बर्टला घेऊन आला. ब्लाइथच्या शिपायांनी त्याला येऊ दिलं. "तू तरी सांग," त्याने लॅम्बर्टला हात जोडले. "तुझ्या तोंडून ऐकतील."

लॅम्बर्टने कुंडाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं.

"ह्याचं ऐकू नका, मास्टर," तो म्हणाला. "मी रागाच्या भरात मारलं."

७

ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू व्हायच्या आधी पिअर्स जवाची भाकरी आणि खारवलेला ईल मासा घेऊन किल्ल्यावर चालत गेला. तुरुंगात ताप पसरला होता. फास पडण्याआधीच बरेच जण जात होते. लॅम्बर्ट ओळखू येत नव्हता. पिअर्सने त्याला ओल्या फडक्याने पुसलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, औषधाची पिशवी पहारेकऱ्याने दारातच काढून घेतली होती.

"काय काय राहिलं?" लॅम्बर्टने विचारलं.

"मंडप. देवडी राहिली, तिथे धान्य ठेवतात. मोठं कोठार राहिलं. वेदीकडचं सगळं गेलं. जेवणघर गेलं, ओवऱ्या गेल्या."

"भिंत घातली का मधली?"

"हॅमंडच्या चुलतभावाने घातली. जरा वाकडी आहे."

"वाकडी असू दे," लॅम्बर्ट म्हणाला आणि त्याचा डोळा लागला. ईस्टर त्याने पाहिला नाही.

पुढे मठाची जमीन एका सरदाराने विकत घेतली. त्याला नवा वाडा बांधायला दगड हवे होते, आणि मंडपाचे खांब त्याच्या मनात भरले. कुंडाची जुनी कुजबुज कुणीतरी त्याच्या कानावर घातली असावी. त्याने वरपर्यंत अर्ज केला आणि एक चौकशी अधिकारी थॉर्नमिअरला आला. तरुण, सावकाश बोलणारा, नीट ऐकणारा. त्याने गावातल्या कुणालाच विचारलं नाही. पिअर्सला मंडपात बोलावलं. गाव खांबांच्या बाजूने उभा होता. सिसलीच्या कडेवर तिची मुलगी होती.

"ब्रदर," अधिकारी म्हणाला, "कुंड बाहेरून आणलंय असं तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतात. तेव्हा तुमचं कुणी ऐकलं नाही. मी ऐकतोय. तुम्ही इथले मठवासी, तुमच्या शब्दावर मी निकाल देणार. हे कुंड इथे कधीपासून आहे?"

कडेवरच्या पोरीने चोखायचं बोट तोंडातून काढलं.

पिअर्सला वाटलं, आता बोलावं. आता ऐकणारा आहे. एका वाक्यात लॅम्बर्टच्या नावावरचा खून पुसला जाईल. आणि ज्यासाठी तो मेला ते सरदाराच्या गाड्यांवर चढेल.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

"मग त्या वेळी वेगळं का सांगितलंत?"

"मित्राला वाचवायचं होतं."

अधिकाऱ्याने मान हलवली. त्याला ते पटलं.

लोक पिअर्सभोवती जमले. गिल्बर्टने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, कुणी त्याच्या बाहीला ओठ लावले. "ब्रदर, चला, आज जेवायला माझ्याकडे," सिसली म्हणाली. तो मानेनेच नाही म्हणाला आणि बागेच्या दाराने बाहेर पडला.

वाकड्या भिंतीपलीकडे, जिथे पूर्वी वेदी होती, तिथे आता रानगवत माजलं होतं. तो तिथे गुडघे टेकून बसला. लॅम्बर्टसाठी मृतांची प्रार्थना म्हणायला त्याने सुरुवात केली, पण खुनी म्हणून म्हणावी की निर्दोष म्हणून, ते त्याला ठरवता येईना. आत भिंतीपलीकडे गावाने गायला सुरुवात केली होती. ते गाणं संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.